गुरुजींचा वर्ग थांबवला तेव्हा

“अण्णा, दार उघडा.”

आत तबला वाजतच राहिला. मी पुन्हा थाप मारली, या वेळी जरा जोरात. माझ्या मागे व्हरांड्यात लेझीमची पोरं पाणी प्यायला थांबली होती. त्यांचे कदम सर होते, गळ्यात कॅमेरा अडकवलेला केतन होता. सगळे माझ्याकडेच बघताहेत हे मला न वळताही कळत होतं.

आतून कडी निघाली आणि दारात अण्णा उभे राहिले. माझे वडील. सगळं गाव त्यांना गुरव गुरुजी म्हणायचं. हायस्कुलात संगीत शिकवून निवृत्त झाले होते, आणि आमच्या कॉलेजनं भरवलेल्या उन्हाळी शिबिरात शाळकरी मुलांना तबला शिकवायला हौसेनं येत होते. त्यांच्या मागे सतरंजीवर शर्वरी लोहार बसली होती. नववीतली, दोन वेण्या, हात अजून तबल्यावरच. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“दार बंद होतं.”

“मग? बाहेर लेझीम चाललीय. पोरीला स्वतःचा हात ऐकू येत नाही. आणि नुसतं लोटलं तर वाऱ्यानं आपटतं, म्हणून कडी घातली.”

“आत तुम्ही दोघंच आहात, अण्णा.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा कसा उतरतो ते मी त्या दिवशी इतक्या जवळून पाहिलं की पुढं कितीतरी दिवस डोळे मिटले तरी तेच दिसायचं.

“तुला म्हणायचंय काय?” ते हळू आवाजात म्हणाले.

“आजचा तुमचा वर्ग इथंच थांबवावा लागेल. नियम आहे.”

मागून केतन पुढं झाला. “अहो मॅडम, गुरुजी आहेत ते! देवमाणूस. त्यांना कसले नियम लावताय?”

“सगळ्यांना तेच आहेत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

अण्णांनी वाद घातला नाही. आत गेले, हातोडी पिशवीत टाकली, तबल्या-डग्ग्यावर खोळ चढवली, चुंबळी एकावर एक ठेवल्या. “जा बाळ, बाकीच्या मुलींत जाऊन बस,” असं शर्वरीला म्हणाले. ती भेदरून माझ्याकडे बघत बाजूनं निघून गेली. मग टोपी सारखी करत ते माझ्यासमोर आले.

“येतो मॅडम,” म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं.

*

मी तेव्हा त्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते. लागून दोनच वर्षं झाली होती. शिबिराचं समन्वयकपद नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, तसं ते माझ्या गळ्यात पडलं. आजूबाजूच्या गावांतली सातवी ते नववीची शे-दीडशे मुलं सकाळी एस.टी.नं येत, संध्याकाळी जात. नाटक, तबला, लेझीम, चित्रकला असे वर्ग असत.

आमच्या प्राचार्या मोहिते मॅडम. बाई कडक. शिबिराच्या आधी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, “कॉलेजातली मुलं मोठी असतात, आपल्याला त्यांची सवय आहे. ही लहान आहेत. आई-बापांनी आपल्या भरवशावर पाठवलीत. त्यामुळं काही गोष्टी सांगते, त्या पाळायच्या.” एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड बसायचं नाही. मुलांना आपल्या गाडीवरून न्यायचं नाही. परस्पर फोन नाही, भेटवस्तू नाही. आणि कुणी नियम मोडला, तर त्या दिवसाचं त्याचं काम तिथंच थांबवायचं, मग तो कुणीही असो. मुलांनाही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काही खटकलं तर रोहिणी मॅडमना, म्हणजे मला, सांगा.

बैठकीत कुजबूज झाली. कदम सर म्हणाले, “शिबिर आहे का तुरुंग?” केतन मात्र उठून उभा राहिला. संगणक विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर होता, शिबिराचे फोटो आणि व्हिडिओ त्याच्याकडं होते. संस्थेचे एक संचालक आबासाहेब, त्यांचा भाचा. “मॅडम, काळाची गरज आहे ही,” तो म्हणाला. मोहिते मॅडम खूश झाल्या. मीही झाले. मुलांत तो फार लाडका होता, सगळी त्याला केतनदादा म्हणायची.

अण्णा त्या दिवशी घरी येऊन हसले होते. “आयुष्यभर पोरं शिकवली, आता उघड्या दारात बसून तबला शिकवायचा होय? तबला काय फाटकात उभं राहून वाजवायचा असतो?”

मी घरी दोनदा सांगितलं. एकदा चहा देताना, एकदा अंगणात. दोन्ही वेळा “बघू, बघू” म्हणाले. तिसऱ्या वेळी मला ते कॉलेजच्या व्हरांड्यात, चारचौघांत सांगावं लागलं.

*

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तिला आधीच कळलं होतं.

“बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडून आलीस?”

“आई, असं काही नाहीये.”

“मग कसं आहे? बाजारात शिंद्यांची सून भेटली. म्हणाली, गुरुजींचा वर्ग बंद केला म्हणे, तोही लेकीनंच. मी काय उत्तर द्यायचं तिला?”

अण्णा माजघरात पाटावर बसले होते. ताट समोर होतं. भाकरीचा एक तुकडा मोडलेला, बाकी तसंच.

“रोहिणी,” ते म्हणाले, “एकच सांग. तुला माझा संशय आला?”

“नाही अण्णा! कसं बोलता?”

“मग कशासाठी केलंस?”

नियम आहे म्हणून केलं, एवढंच खरं होतं. पण बापाच्या तोंडावर तेवढंच म्हणणं किती तोकडं आहे हे माझं मलाच कळत होतं. त्यांनी ताटाला नमस्कार केला, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते शिबिराला आले नाहीत. तबल्याची मुलं मी चित्रकलेत बसवली. कदम सर मला बघून दुसऱ्या वाटेनं गेले. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं. केतन तेवढा येऊन म्हणाला, “मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमचं कर्तव्य केलंत. पण म्हाताऱ्या माणसाला फार लागतं हो.” मला त्याच्या समजूतदारपणानं भरून आलं होतं, हे आज सांगतानाही कसंसं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी झाडांच्या कुंड्यांना पाणी घालत होते. शर्वरी हातातला डबा न उघडताच समोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, गुरुजी माझ्यामुळं आले नाहीत का?”

“नाही गं. तुझा त्यात काहीच दोष नाही.”

“ते मला तबल्यातला कायदा शिकवत होते. दुसरं काही नाही.”

“मला माहितेय.”

“मग तरी पण थांबवलंत?”

“हो. दार बंद होतं ना.”

ती गेली नाही. डब्याची कडी उघडायची आणि लावायची, असा चाळा करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे नियम सगळ्या सरांना सारखाच आहे?”

“सगळ्यांना.”

“ज्यांच्या वर्गाला दारच नाही, त्यांना पण?”

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ग्रंथालयासमोरच्या पायऱ्यांवर, जिथून आम्ही सगळ्यांना दिसत होतो पण बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं, तिथं जाऊन आम्ही बसलो. ती एका पायरीवर, मी एक पायरी सोडून खाली. काही विचारावंसं वाटत होतं, पण मोहिते मॅडमनी बजावलं होतं, मूल बोलायला लागलं तर त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. मी वाट बघितली.

“मी सांगितलं तर तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?”

“तसं वचन मी देऊ शकत नाही, शर्वरी. ज्यांना सांगायलाच हवं, त्यांना मला सांगावं लागेल. पण बाकी कुणालाही नाही. आणि जे करीन ते तुला आधी सांगून करीन.”

मला वाटलं, आता ही उठून जाईल. ती उठली नाही. खाली बघत, तुटक तुटक, ती बोलायला लागली.

केतनदादा तिला म्हणाला होता की मुलगी तबला वाजवते हे किती वेगळं आहे. तुझा व्हिडिओ काढून टी.व्ही.वरच्या स्पर्धेला पाठवतो. शूटिंग खुल्या रंगमंचाच्या मागं व्हायचं. आधी दोघी-तिघी मैत्रिणी असायच्या. मग तो त्यांना काही ना काही आणायला पाठवायचा. असं बस, तसं बस, म्हणत खांद्यावर हात. मग पाठीवर. एकदा ओढणी त्यानंच काढून बाजूला ठेवली आणि फोटो काढले. तिनं हात झटकला तर हसला आणि म्हणाला, “कलाकारानं लाजायचं नसतं.” आणि काल सांगितलं होतं, उद्या सुट्टीत एकटीच ये. घरचा एक चांगला ड्रेस पिशवीत घालून आण.

“उद्या म्हणजे आज?”

“हो.”

“ड्रेस आणलायस?”

तिनं मान हलवली. “नाही. पण गेले नाही तर ते आधीचे फोटो घरी दाखवीन म्हणाले.”

मैदानाच्या पलीकडं केतन मुलांच्या घोळक्यात उभा होता. काहीतरी विनोद केला असावा, पोरं खिदळत होती. मला उठून सरळ त्याच्याकडं जावंसं वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस,” मी म्हटलं. “यात तुझी काहीही चूक नाही. आता आपण दोघी मोहिते मॅडमकडं जाऊ. तुझ्या आईला बोलावून घेऊ. चालेल?”

“बाबांना नको.”

“आधी आईला बोलावू.”

ती उठली. चार पावलं गेल्यावर तिनं माझा हात धरला, तो प्राचार्यांच्या खोलीत पोचेपर्यंत सोडला नाही.

*

मोहिते मॅडमनी शर्वरीला एकच प्रश्न विचारला, “पाणी हवंय का?” मग शिपायाला पाठवून केतनला कार्यालयात बसवून ठेवलं, संगणकाचं काहीतरी काम आहे म्हणून. शर्वरीची आई तासाभरात आली. सुलभाताई गावात अंगणवाडी सांभाळायच्या, उन्हातनं आल्या होत्या, घामाघूम. लेकीला बघताच त्यांनी आधी तिला जवळ ओढली आणि मग ऐकलं. ऐकून झाल्यावर पदर तोंडात कोंबून बसल्या.

“बाई,” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “हे पोलिसात गेलंच पायजे का? हिच्या बाला कळलं तर तो हिला घरात कोंडील. त्याचा राग लई वाईट. आन् गावात...”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आबासाहेब होते. त्यांना कुठून वास लागला कोण जाणे. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, मॅडमचं येत होतं.

“हो, तुमचा भाचा इथंच बसलाय... नाही, समज देऊन सोडता येणार नाही... संस्थेचं नाव मलाही प्यारं आहे, आबासाहेब. पण कळूनसुद्धा पोलिसांना कळवलं नाही तर तो गुन्हा माझ्यावर येतो, आणि उद्या तुमच्यावरही. मी कळवतेय. ठेवते.”

रिसीव्हर नीट बसायला त्यांना तो दोनदा ठेवावा लागला. बाई कडक खऱ्या, पण निवृत्तीला वर्षच उरलं होतं आणि समोर संचालक होते.

मग त्या सुलभाताईंच्या शेजारी येऊन बसल्या. “तुमच्या पोरीला कुठंही चौकीवर नेणार नाहीत. बाई अधिकारी तुमच्या घरी येईल, साध्या कपड्यांत. तिचं नाव कुठं बाहेर येणार नाही. मी सांगते ना.”

संध्याकाळी कॉलेजच्या फाटकात पोलिसांची गाडी आली. केतनचा कॅमेरा आणि फोन त्यांनी ताब्यात घेतला. त्यात शर्वरी एकटीच नव्हती, आणखी दोघी होत्या. पण त्याला अटक व्हायला दुसरा दिवस उजाडला, आणि मधल्या वेळात गावानं आपलं गणित मांडलं. आदल्या दिवशी गुरुजींचा वर्ग थांबवला, आज पोलीस आले. दोन आणि दोन चार.

अण्णा सकाळी दाढी करायला सलूनमध्ये गेले होते. अर्धवट दाढी ठेवूनच परत आले. एका गालावर साबण वाळला होता.

“रोहिणी, खरं सांग. माझ्याबद्दल कुणी काही बोललंय?”

“नाही अण्णा. तुमच्याबद्दल कुणी एक शब्दही वाईट बोललेलं नाही. शपथ घेऊन सांगते.”

“मग पोलीस कशाला आले?”

“ते मला सांगता येत नाही.”

“मला? बापाला?”

“तुम्हालाही.”

आई मधे पडली, “अगं, त्यांच्या जिवाला काय लागलंय ते तरी बघ!” अण्णांनी हातानं तिला थांबवलं. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. काहीतरी ताडल्यासारखे.

“कुणा पोराचं आहे?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या गालावरचा वाळलेला साबण बघत राहिले.

“बरं,” ते म्हणाले. “नको सांगूस.” आणि आरशासमोर जाऊन उरलेली दाढी स्वतःच करायला लागले.

दुपारी केतनला पकडल्याची बातमी पसरली. संध्याकाळी कदम सर पेढे घेऊन घरी आले. कशाचे पेढे, ते त्यांनाही सांगता येईना. अण्णांच्या पाया पडून गेले. अण्णा दुसऱ्या दिवसापासून शिबिराला यायला लागले. आल्या आल्या त्यांनी तबल्याची सतरंजी उचलली आणि सरळ व्हरांड्यात अंथरली. लेझीमवाल्यांना मैदानाच्या पार टोकाला पिटाळलं. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलत होते.

शर्वरी आली नाही. तिच्या बापानं, सुलभाताई म्हणाल्या होत्या तेच केलं. शिबिर बंद, तबला बंद, घराबाहेर पडणं बंद. मला ते कळत होतं आणि मी कुणाला सांगू शकत नव्हते. अण्णा रोज हजेरीला तिच्या नावाशी थबकायचे आणि मला विचारायचे नाहीत.

*

खटल्याचं सांगायचं तर तो रेंगाळला. केतन जामिनावर सुटला, आबासाहेबांनी चांगला वकील दिला, दोनदा तडजोडीचा निरोप आला. पण तिन्ही मुली आपल्या शब्दावर ठाम राहिल्या आणि शेवटी त्याला शिक्षा झाली. मोहिते मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या, तरी निकालाच्या दिवशी कोर्टात आल्या होत्या. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. पण त्या सगळ्यातलं माझ्या मनात राहिलंय ते शिबिर संपण्याच्या आधीच्या रविवारचं.

त्या रविवारी सकाळी सुलभाताई आमच्या घरी आल्या. माझ्याकडं नाही, अण्णांकडं. ओट्यावरच टेकल्या.

“गुरुजी, पोरगी धड जेवत न्हाई. बोलत न्हाई. नुसती पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवत बसती. तिचा बा म्हणतो, तबल्यापायीच झालं हे सगळं.” आणि मग त्यांनी आपणहून सगळं सांगितलं.

अण्णा ऐकत होते. मधेच त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. सुलभाताईंचं बोलून झालं तसे ते उठले, आत गेले आणि बाहेर आले ते काखेत तबला, हातात डग्गा घेऊन.

“चला,” म्हणाले. “किती वाजताची गाडी आहे तुमची? रोहिणी, तूही चल.”

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, “गुरुजी, डग्ग्याचं अर्धं तिकीट लागंल.” अण्णा कितीतरी दिवसांनी हसले.

शर्वरीचं घर गावाच्या कडेला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात एक शेळी बांधलेली. तिचा बाप संपत लोहार जे.सी.बी. चालवायचा. आम्ही पोचलो तेव्हा मोटारसायकलला किक मारत होता. आम्हाला बघून त्यानं गाडी बंद केली, पण खाली उतरला नाही.

“मास्तर, तुमचा मान हाय,” तो म्हणाला. “पर तबला आमच्यात बंद झाला.”

“मी पाणी प्यायला आलोय,” अण्णा म्हणाले आणि पडवीत चुंबळी मांडायला लागले.

शर्वरी दाराशी आली. आठ दिवसांत पोर अर्धी झाली होती. अण्णांनी काही विचारलं नाही. “बस,” एवढंच म्हणाले. ती बापाकडं बघत तशीच उभी राहिली. संपतनं तोंड फिरवलं आणि पुन्हा गाडीच्या किकवर पाय ठेवला.

“कुठं निघालात?” अण्णांनी विचारलं.

“हाय की काम.”

“मग मीही निघतो. एकट्यानं पोरीला शिकवायला मी बसत नाही. नियम आहे कॉलेजचा.”

“हितं कुठलं आलंय कॉलेज?”

“मी आलो म्हणजे कॉलेज आलं. तुम्ही बसा. बाप बसलाय म्हटल्यावर कुणाची काय बिशाद?”

संपत उतरला. जोत्यावर, आमच्याकडं पाठ करून बसला. अण्णांनी तबल्याची खोळ काढली. मग त्यानं पाठ तशीच ठेवून लेकीला एकदम विचारलं, आणि तेव्हा कळलं की त्याच्या रागाच्या तळाशी काय होतं.

“मला सांगायचं हुतं की. बा मेला हुता का? परक्या बाईला जाऊन सांगितलंस.”

शर्वरीनं दाराची चौकट धरली. मला वाटलं आता रडेल. पण ती बोलली.

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तबला बंद केला असता. केलाच ना?”

संपतची पाठ हलली नाही.

“आणि तो म्हणायचा, मोठ्या माणसाला कुणी काही बोलत नसतं. तू कुणाला सांगितलंस तर हसतील तुला. मला खरंच वाटायचं तसं. सगळे त्याला चांगला म्हणायचे.” तिनं माझ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. “मग मॅडमनी गुरुजींना थांबवलं. सगळ्यांच्या देखत. गुरुजींनी काहीच केलं नव्हतं, तरी पण. स्वतःच्या वडलांना. तेव्हा मला वाटलं, या बाई माणूस बघत नाहीत. मग त्या त्यालाही थांबवतील. म्हणून सांगितलं.”

शेळीच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. अण्णांनी टोपी काढली आणि तोंडावरून फिरवली. मग पुन्हा फिरवली.

“आणि मी घरात रुसून बसलो होतो, पोरी,” ते म्हणाले. “लेकीनं अपमान केला म्हणून जेवत नव्हतो.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. हात लांबवून माझ्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, जरा दाबून. मग तबला शर्वरीपुढं सरकवला.

“चल. धा धा तेटे. आधी सावकाश.”

ती बसली. पहिल्यांदा बोटं अडखळली. दुसऱ्यांदाही. अण्णा टाळी देत राहिले. हळूहळू हात मोकळा झाला, डग्गा घुमायला लागला आणि पत्र्याखालची ती एवढीशी पडवी भरून गेली. सुलभाताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन थांबल्या. शर्वरीनं कायदा धरला, बोल फिरवून त्याचे पलटे केले, एकात चुकली, जीभ चावली, पुन्हा पकडलं आणि तीनदा तोच तुकडा घेत तिहाईनं नेमकी समेवर आली. अण्णा “वा!” म्हणाले.

संपत कधी वळून बसला होता ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेक वाजवते हे त्यानं ऐकलेलं होतं, पण तिला वाजवताना बघत होता तो पहिल्यांदाच. खिशातला फोन वाजायला लागला. त्यानं न बघताच तो बंद केला आणि दोन्ही हात गुडघ्यांभोवती घालून पुढं सरकून बसला.

“शर्वरे,” तो म्हणाला, “ते मगाचं परत वाजीव की गं.”